बिनकठड्याचं धाबं

तिप्पण्णा गवंड्याला बऱ्याच गोष्टींची शिसारी यायची. सिमेंट कमी आणि वाळू जास्त घालणाऱ्या ठेकेदारांची यायची. ओळंबा न लावता नुसत्या नजरेच्या भरवशावर भिंत चढवणाऱ्यांची यायची. मचमच आवाज करत जेवणाऱ्यांच्या पंक्तीला तर तो बसायचाच नाही, ताट उचलून दुसरीकडं जायचा. पण सगळ्यांत मोठी शिसारी रविवारच्या साक्षीची. चर्चमध्ये प्रार्थना झाली की पाळकसाहेब विचारायचे, कुणाला साक्ष द्यायची आहे का, आणि मग ज्यानं त्यानं उभं राहून आठवडाभरात देवानं आपल्याला कसं राखलं ते सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असायचा, कुणाची हरवलेली शेळी सापडलेली असायची. एवढ्यापर्यंत तिप्पण्णाला चालायचं. पण काही माणसं बोलायला लागली की असं वाटायचं, देवाला दुसरा उद्योगच नाही, तो सकाळपासून ह्यांच्याच मागं छत्री धरून फिरतोय. तिप्पण्णा मग शेवटच्या बाकावरून उठायचा, बाहेर लिंबाखाली जायचा आणि पचकन थुंकून यायचा.

आणि ह्या साक्षीवाल्यांतला सगळ्यांत मोठा साक्षीवाला त्याचा सख्खा भाचा होता, चन्नप्पा. आता बोला!

तिप्पण्णा मूळचा दुधनीकडचा. घरात कानडी, रस्त्यावर मराठी आणि शिव्या दोन्हींत. आईबाप लहानपणीच गेले. थोरली बहीण चंद्रव्वा लग्न होऊन सोलापुरात आली होती, तिनं त्याला बाराव्या वर्षी आणून आपल्या दारात ठेवलं आणि स्वतःच्या भाकरीतली अर्धी मोडून मोठं केलं. तो मिशनच्या एका बांधकामावर घमेली वाहायला लागला. तिथं दुपारच्या सुट्टीत मडिवाळप्पा नावाचे उपदेशक यायचे आणि मजुरांना शास्त्र वाचून दाखवायचे. पोटात भाकरी गेलेली, वर सोलापूरचं ऊन. मडिवाळप्पा वाचायचे आणि मजूर घोरायचे. तिप्पण्णाही घोरायचा, उगाच खोटं कशाला सांगा.

एके दिवशी ते मोशेचं नियमशास्त्र वाचत होते. त्यात असं आलं की नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा घाल, नाहीतर वरून कुणी पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. तिप्पण्णा ताडकन उठून बसला.

"पुन्यांदा वाचा की."

पुन्हा वाचा, असं मडिवाळप्पांना तोवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे देव म्हणतोय? धाब्याचं?"

"देवच म्हणतोय."

"देवाला कठडा कळतो?"

मडिवाळप्पांनी भराभर पानं उलटली. खणलेला खड्डा झाकून ठेवा, असं एके ठिकाणी होतं. मारका बैल मोकळा सोडू नका, असं दुसरीकडं होतं. आंधळ्याच्या वाटेत काही आडवं टाकू नका, तेही होतं. तिप्पण्णा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. आभाळातल्या गोष्टी त्याच्या डोक्यावरून जायच्या, पण हे तर कामावरचं बोलणं होतं. हा देव मुकादमासारखा निघाला, साइटवर चक्कर मारून कुठं काय उघडं राहिलंय ते बघणारा. एका माणसाला राखायचं असलं तर तो दुसऱ्याला कामाला लावतो, हे तिप्पण्णाला एकदम पटलं. बाकीच्यांनी आत्म्यासाठी बाप्तिस्मा घेतला, तिप्पण्णानं कठड्यासाठी घेतला. पुढं नवरा वारल्यावर चंद्रव्वाही चन्नप्पाला कडेवर घेऊन त्याच्यामागं आली.

वाचायला तो कधी शिकला नाही. पण तेवढं एक वचन त्याला तोंडपाठ होतं, आणि गवंडी झाल्यापासून चाळीस वर्षांत त्यानं कठड्याशिवाय एकही धाबं मालकाच्या हवाली केलं नव्हतं. मालक हिंदू असो, मुसलमान असो, कुणीही असो. "सध्या राहू दे, वर मजला चढवायचाय," असं कुणी म्हटलं की तो थापी पुसायला लागायचा. "मग दुसरा गवंडी बघा की. माझ्या हातून उघडं धाबं व्हायचं न्हाय." मालक चडफडायचा, पण काम चोख असल्यानं ऐकायचा. बायको वारली, पोरबाळ झालं नाही, तरी त्याचं काही अडलं नाही. थापी, ओळंबा आणि थोरली बहीण, एवढ्यावर त्याचं चाललं होतं.

चंद्रव्वाचे डोळे काचबिंदूनं गेले तेव्हा ती साठीला आलेली. जुन्या मातीच्या घराच्या धाब्याला तिप्पण्णानंच कमरेएवढा कठडा घातलेला होता. त्याच्यावर हात ठेवून ती सगळ्या धाब्यावर फिरायची. मिरच्या वाळत घालायची, शेंगा निवडायची, उन्हाळ्यात तिथंच झोपायची. डोळस माणूस काय फिरेल असं फिरायची ती.

आता चन्नप्पाकडं येऊ. चन्नप्पा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. बहात्तरच्या दुष्काळात तो एका लग्नाला भाड्याच्या ट्रकमधून अक्कलकोटच्या पुढं गेला होता. ट्रक उलटला. ड्रायव्हरचा पाय गेला, सुंदरम्मा नावाची एक म्हातारी जागच्या जागी गेली, आणि चन्नप्पाला साधं खरचटलंसुद्धा नाही. झालं! तेव्हापासून हा माणूस हवेत चालायला लागला. संकटात देव आपल्या दूतांना आज्ञा देतो आणि ते माणसाला हातांवर झेलतात, असं एक्याण्णवाव्या स्तोत्रात आहे. ते स्तोत्र चन्नप्पानं आपल्या नावावरच करून घेतलं. दर रविवारी उभा राहायचा आणि ट्रक उलटवायचा. आधी ट्रक एकदा उलटला होता, वर्षभरात तो तीनदा उलटायला लागला. लोक "आमेन" म्हणायचे.

"आणि त्या सुंदरम्माला दूतांनी का झेललं न्हाय रं?" तिप्पण्णानं एकदा त्याला सरळच विचारलं. "तिचं वजन जास्त हुतं का?"

"मामा, तुमचा विश्वास कमी पडतो," चन्नप्पा मऊ आवाजात म्हणाला. त्या मऊ आवाजानंच तिप्पण्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौऱ्याहत्तर साली चन्नप्पानं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. दोन खोल्या आणि वर स्लॅब. मामाशिवाय गवंडी कोण असणार? तिप्पण्णानं मन लावून काम केलं. बहिणीचं घर होतं ते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्लॅब ओतला. पाण्याची बोंब असताना त्यानं लांबून बादल्या आणून एकवीस दिवस स्लॅबला पाणी पाजलं. कठड्याच्या विटा येऊन परसात पडल्या. त्या तो भिजत घालत होता, तेवढ्यात चन्नप्पा एका पेंटरला घेऊन आला.

"मामा, कठडा नगं."

तिप्पण्णाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय नगं?"

"कठडा. मी प्रार्थना करून ठरवलंय. परमेश्वर माझा कठडा हाय. तेच समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेणार हाय. वर पुन्हा विटांचा कठडा घातला तर लोकं हसतील की. म्हणतील, ह्याचा भरवसा नक्की कशावर हाय?"

पेंटर निळ्या रंगाचा डबा हलवत उभा होता. तिप्पण्णानं एकदा डब्याकडं बघितलं, एकदा भाच्याकडं.

"अरं गाढवा, कठडा घाल असं देवच म्हणतोय की! तुज्याच शास्त्रात हाय."

"ते जुन्या काळच्या लोकांसाठी हुतं मामा. ज्यांना दूत राखतात त्यांना इटा कशाला?"

"दूत झेलतील म्हणं! हे वचन देवळाच्या टोकावर उभं राहून कुणी म्हटलं हुतं, सांग. येशूला खाली उडी टाक म्हणून कुणी सांगितलं हुतं? सैतानानं! ह्याच वचनाचा दाखला देऊन! तुला वाचता येतंय ना? मग वाच की! आणि तुजी आई आंधळी हाय रं, आंधळी!"

चन्नप्पाचं तोंड क्षणभर उतरलं. पण क्षणभरच. "मामा, माझ्या घरात सैतानाचं नाव काढू नगा," तो म्हणाला आणि पेंटरला शिडी लावायला सांगितलं.

तिप्पण्णानं थापी धुतली, पोत्यात गुंडाळली आणि चालू पडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातचं धाबं उघडं राहिलं. मार्चमध्ये घराचं समर्पण झालं, पाळकसाहेब आले, चहा-चिवडा झाला. तिप्पण्णा गेला नाही. तो मनाशी म्हणायचा, येऊ दे की हात जोडत. मामा, चुकलो म्हणून येऊ दे, मग बघू. चन्नप्पा काही आला नाही. तो कशाला येतोय?

एप्रिलमध्ये ऊन तापलं आणि सगळं सोलापूर धाब्यावर झोपायला गेलं. एका रविवारी चन्नप्पा साक्षीला उभा राहिला. ह्या वेळी ट्रक नव्हता. "प्रभूची स्तुती असो," तो म्हणाला. "माझी आई डोळ्यांनी अधू आहे. आमच्या धाब्याला कठडा नाही, हे आपण सगळे जाणता. पण माझी आई रोज रात्री त्याच धाब्यावर निर्धास्त झोपते. तिच्या केसालाही धक्का लागलेला नाही!"

"आमेन," लोक म्हणाले.

आंधळी आई बारा फुटांवर नेऊन ठेवायची आणि ती अजून पडली नाही ह्याचं भांडवल करायचं! छी, थू! तिप्पण्णा बाहेर जाऊन थुंकला, एकदा नाही, दोनदा. आणि तरीही घरी गेला. धाब्यावर अक्का झोपते हे स्वतःच्या कानांनी ऐकून हा बाबा घरी गेला, भाकरी खाल्ली आणि भाच्याला शिव्या देत बसला. का, तर त्यानं हात जोडायला पाहिजे होते.

मे महिन्यात मंगळवारच्या बाजारात चन्नप्पाची बायको वच्छला भेटली. बिचारी मान खाली घालून पिशवी सावरत म्हणाली, "मामा, अत्तीच्या पायाला जखम झालीया, भरतच न्हाय. एकदा येऊन बघा की." अत्ती म्हणजे सासू. जास्त काही ती बोलली नाही, पण जायची म्हणून जाईना, तिथंच घुटमळत राहिली. तेव्हा तिप्पण्णाला चरचरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गेला. चन्नप्पा पहिल्या पाळीला गेलेला होता. भिंतीवरची निळी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, तरी तिकडं न बघता तो आत शिरला. चंद्रव्वा ओसरीत पाय पसरून बसली होती. उजव्या घोट्याभोवती बांगडीसारखी गोल जखम होती, कडा काळ्या पडलेल्या, मधे ओली. माश्या बसत होत्या. तिप्पण्णानं तोंड फिरवलं.

"काय चावलं गं अक्का?"

"काथ्या," चंद्रव्वा म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे दोर. झोपताना पाय बाजेला बांधून घेते मी. वच्छला बांधते. त्यो झोपला की मग बांधायचं. त्याला कळलं एकदा, तर म्हणला, अव्वा, हा अविश्वास हाय, दोर सोड. मग आता गोधडीखाली लपवतो आमी."

तिप्पण्णानं दाराबाहेर बघितलं. तिथं शेजाऱ्यांच्या शेळ्या बांधलेल्या होत्या, तशीच त्याची बहीण खुंट्याला बांधून झोपत होती. त्यानं बांधलेल्या घरात.

"मग खाली का झोपत न्हाईस?"

"खाली दोन खोल्यांत सहा माणसं. स्लॅब रातभर आग ओकतोय. आणि त्यो म्हणतो, अव्वा, तू खाली आलीस तर माझी साक्ष खोटी पडंल की." ती हे अगदी भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तसं सांगत होती. "पंधरा दिवसांमागं उजाडल्यावर वच्छलानं दोर सोडला आणि पोरांचं बघायला खाली गेली. म्हटलं, आपलं आपण जिन्यापाशी जावं. चार पावलं टाकली. पाचव्याला पायाखाली कायबी न्हाय. नुसता वारा. तशीच मागं बसले, वच्छला वर येईस्तवर बसूनच हुते. तेव्हापास्नं दिवसाबी दोर सोडत न्हाय, ती येऊन धरल्याबिगर."

"मला निरोप का धाडला न्हाईस?"

"तू रुसलाबिसला असशील म्हटलं," चंद्रव्वा म्हणाली. "तुजा राग मला लहानपणापास्नं ठावं हाय."

तिप्पण्णा उठला आणि परसात गेला. विटा फेब्रुवारीपासून तिथंच पडलेल्या होत्या. एका थरात कोंबडीनं घर केलं होतं. त्यानं लाथेनं वीट उलटवली, मग खाली बसून पालथ्या हातानं तोंड पुसलं. चन्नप्पाची घाण वाटत होती, पण ती नेहमीची होती, तिची त्याला सवय होती. आज स्वतःच्या तोंडाची चव कडू झाली होती आणि थुंकून ती जात नव्हती. तीन महिने! कठडा न घालता घर सोडून गेला कोण? पेंटर नव्हे. वचन पाठ असलेला माणूस गेला. भाच्यानं निदान अक्षरं तरी लिहून घेतली होती, ह्यानं तेवढंही केलं नव्हतं.

चालू काम त्याला शनिवारपर्यंत सोडता येत नव्हतं, म्हणून तोवर संध्याकाळी येऊन तो चंद्रव्वाला आपल्या खोलीवर घेऊन जायचा. चन्नप्पा विचारायचा तर वच्छला सांगायची, मामा जखमेला औषध लावतात. रविवारी पहाटेच्या प्रार्थनेला गेलेला चन्नप्पा उपासना सुटल्यावरच परतायचा, तो गेल्याबरोबर तिप्पण्णानं विटा भिजवल्या आणि परांची बांधली. चर्चची घंटा झाली तेव्हा दुसरा थर चालू होता. पोरंही गेली, वच्छला मात्र डोकं दुखतंय म्हणून राहिली आणि पदर खोचून मालाची घमेली वर चढवायला लागली. चंद्रव्वाला तिनं धरून वर आणून बसवलं होतं. म्हातारी नव्या थरावरून बोटं फिरवत होती.

"वाकडा हाय का रं हितं?"

"वाकडा तुजा ल्योक हाय. कठडा सरळ हाय."

चंद्रव्वा खुदकन हसली. वच्छलानं हसू दाबायला घमेलं तोंडापुढं धरलं.

उपासना सुटल्यावर पांढऱ्या सदऱ्यातला चन्नप्पा काखेत शास्त्र घेऊन आला आणि जिन्यातच थबकला. कठडा मांडीपर्यंत आला होता.

"मामा, हे काय चालवलंय? आज रविवार हाय!"

"ठावं हाय."

"मी साऱ्या मंडळीसमोर बोललोय. लोकं मला काय म्हणतील?"

तिप्पण्णानं बाजेखालून काथ्याचा दोर ओढला आणि त्याच्या पायाशी टाकला. सुंभाला वाळलेलं रक्त चिकटलेलं होतं. "हे बघ. हे तुज्या आईच्या पायाला हुतं. ह्याची साक्ष दे की जरा."

चन्नप्पानं दोर बघितला. बघून तो आईकडं वळला आणि अगदी कळवळून म्हणाला, "अव्वा, मी तुला नगं म्हटलं हुतं की!"

देवाशप्पथ, तिप्पण्णाला वाटलं आता सकाळची भाकरी बाहेर येते. ह्याला रक्त दिसलं नव्हतं, आज्ञा मोडलेली दिसली होती. मारावं तर हात मालानं भरलेले. त्यानं वच्छलाकडं हात केला आणि म्हणाला, "माल दे." वच्छलानं नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याला घासून घमेलं पुढं नेलं. उन्हं कलायच्या आत कठडा कमरेएवढा झाला. चंद्रव्वा त्याच्यावर हात ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली, एकटी, कुणी न धरता. परत आली आणि पुन्हा एकदा गेली.

पुढच्या रविवारी तिप्पण्णा शेवटच्या बाकावर बसला होता. चंद्रव्वाला आतला उकाडा सोसत नव्हता, म्हणून ती बाहेर व्हरांड्यात पायरीवर होती. पाळकसाहेबांनी साक्षीचं विचारलं आणि चन्नप्पा उभा राहिला.

"प्रभूची स्तुती असो," तो म्हणाला. "गेले तीन महिने मी माझ्या आईसाठी गुडघे टेकून प्रार्थना करत होतो. आणि बघा, मी कुणाला बोलावलं नाही, कुणाला विनवलं नाही, पण प्रभूनं माझ्या मामांना धाडलं! त्यांच्या हातानं त्यानं माझ्या घराला कठडा घातला!"

"आमेन!" ह्या वेळी लोक जरा जोरातच म्हणाले, आणि दोघातिघांनी कौतुकानं मागं वळून तिप्पण्णाकडं बघितलं.

तिप्पण्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाक मागं सरकवून तो तरातरा बाहेर आला. नालायक, हरामखोर, कानडीतलं आणखी दोन-चार, सगळं ओठांवर आलं होतं. पायरीवर चंद्रव्वा बसलेली बघून तो तिच्यावरच बरसला.

"आईकलंस, तुज्या पोरानं काय तारे तोडले? मी राबलो, वच्छला राबली, आणि हा म्हणतो देवानं धाडलं! लाज हाय का न्हाय? मला देवानं धाडलं म्हणं!"

"आईकलं की," चंद्रव्वा म्हणाली. "त्यात खोटं काय बोलला?"

"अक्का!"

"ओरडू नगंस, आत प्रार्थना चाललीया. बस हितं." तिनं हातानं चाचपडत त्याचं मनगट धरलं आणि त्याला शेजारी ओढून बसवलं. "देवानं तुला इटा आल्या त्याच दिशी धाडलं हुतं, तिप्प्या. तूच तीन महिने उशिरा आलास."